संचालकांचा अहवाल : कायदा आणि भाषा

ताळेबंद आकड्यांनी बोलतो. परंतु आकड्यांमागील व्यवहार उलगडण्यास शब्दच लागतात. हे शब्द कंपनीने भागधारकांस कितपत द्यावेत, याविषयी शासनाचे धोरण टप्प्याटप्प्याने घडत गेले आहे.

१९१३ च्या भारतीय कंपनी कायद्यात १९३६ च्या दुरुस्तीने १३१-अ हे कलम घालण्यात आले. त्यान्वये कंपनीच्या कारभाराची स्थिती, सुचविलेला लाभांश व राखीव निधीकडे न्यावयाची रक्कम यांविषयीचा अहवाल ताळेबंदास जोडणे संचालकांस बंधनकारक झाले. पुढे भाभा समितीच्या १९५२ च्या अहवालाच्या आधारे १९५६ चा कायदा झाला. त्याच्या २१७ व्या कलमाने अहवालाची कक्षा विस्तारली आणि लेखापरीक्षकाने नोंदविलेल्या प्रत्येक आक्षेपाचा संपूर्ण खुलासाही मागितला. मात्र धंद्याच्या स्वरूपातील बदल सांगताना, तो सांगणे ‘संचालक मंडळाच्या मते’ धंद्यास अपायकारक नसावे, अशी मर्यादा त्याच कलमात होती. म्हणजे सांगण्याचे कर्तव्य व न सांगण्याची मुभा ही एकाच वाक्यात नांदत होती. कायद्याच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्याने हे वाक्य अवश्य पाहावे.

१९८८ मध्ये धोरणाने निराळे वळण घेतले. ऊर्जाबचत, तंत्रज्ञानाचे आत्मसातीकरण व परकीय चलन यांचा तपशील ठराविक नमुन्यांत मागविण्यात आला. संशोधनाची क्षेत्रे, त्यापासून झालेला लाभ, पुढील योजना व खर्च, असे त्याचे रकाने होते. मुलुंड येथे होएख्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र होते. कोलिअस वर्गातील वनस्पतीपासून फोर्सकोलिन हे द्रव्य तेथील संशोधनातून पुढे आले. अशा दीर्घकाळ चालणाऱ्या शोधकार्याचे वर्णन वार्षिक रकान्यांत बसविणे, हे या नव्या नियमांचे बलस्थान होते, तशीच ती त्यांची मर्यादाही होती. नमुन्यामुळे तुलना सुलभ होते. निवेदन मात्र साचेबंद होण्याचा धोका असतो.

२००० साली सेबीने सूचिबद्धतेच्या करारात ४९ वे कलम आणून व्यवस्थापनाचे विवेचन अहवालाचा भाग केले. २०१३ च्या कायद्याच्या १३४ व्या कलमाने जोखमीविषयीचे निवेदन आवश्यक ठरविले; तर २०२१ मध्ये सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांसाठी सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल २०२२-२३ या वर्षापासून अनिवार्य केला.

या विस्तारात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. २०१५ च्या सेबीच्या विनियमांनी आर्थिक निष्कर्ष इंग्रजीबरोबरच नोंदणीकृत कार्यालयाच्या प्रदेशातील भाषेच्या दैनिकातही छापावयास सांगितले. त्यामुळे मुंबईतील कंपन्यांचे आकडे मराठी वृत्तपत्रांत आले. परंतु त्यांचा अर्थ सांगणारे निवेदन मराठीत देण्याची सक्ती उपर्युक्त कोणत्याही तरतुदीने केली नाही. आकडे वाचण्यास भाषेची गरज अल्प असते, निवेदन वाचण्यास ती सर्वस्वी असते. यास्तव मुलुंडच्या मराठी भागधारकास जेथे भाषेचे साहाय्य सर्वांत अधिक हवे, तेथेच ते मिळाले नाही. माहितीचा हक्क पृष्ठसंख्येने वाढत गेला. तो वाचकापर्यंत कितपत पोहोचला, ही या धोरणाची खरी कसोटी होय.