धातूत अडकलेली हवा

बाईकचं क्रँककेस किंवा गिअरबॉक्सचं कव्हर बघितलंय कधी नीट? राखाडी, पातळ, आतून बरगड्या असलेलं. हे बहुतेक वेळा हाय प्रेशर डाय कास्टिंगने बनतं. वितळलेलं अ‍ॅल्युमिनिअम पोलादी डायमध्ये प्लंजरने असं ढकलतात की गेटमधून ते सेकंदाला 30 ते 60 मीटर वेगाने आत शिरतं. पूर्ण डाय भरायला सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहूनही कमी. एवढी घाई कशाला? तर डायच्या थंड भिंतींना लागून धातू गोठायच्या आत पातळ कोपरे भरायला हवेत म्हणून.

आता गोची अशी की डाय रिकामी नसते. आत हवा असते. एवढ्या वेळात ती बाहेर कुठून आणि कशी जाणार? गेली शंभर वर्षं या धंद्यातली माणसं मुख्यत्वे याच एका प्रश्नाशी झगडतायत, आणि त्याचा इतिहास मला भलताच इंटरेस्टिंग वाटतो.

सुरुवात झाली छापखान्यात. 1886 साली न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये मर्गेंथालरचं लायनोटाइप मशीन चालू झालं. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा मिश्रधातू साच्यात ढकलून अख्खी ओळ ओतायची. टाइपच्या पोटात भोक असलं तरी कोणाचं काय अडतं? अक्षराचा चेहरा स्पष्ट हवा, बस्स. मग मोटारी आल्या, 1904 च्या सुमारास अमेरिकेत फ्रँकलिन कंपनी इंजिनाची बेअरिंग्ज याच तंत्राने ओतायला लागली. पुढे अ‍ॅल्युमिनिअमची पाळी आली तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. वितळलेलं अ‍ॅल्युमिनिअम लोखंड खातं, त्यामुळे भट्टीत बुडवलेला पंप टिकेना. 1920च्या दशकात प्रागच्या योसेफ पोलाकने पंप भट्टीबाहेर काढला. धातू डावाने बाहेरच्या सिलिंडरमध्ये ओतायचा आणि मग ढकलायचा. याला 'कोल्ड चेंबर' म्हणतात. अ‍ॅल्युमिनिअमचा प्रश्न सुटला, पण पुढे जी आडव्या सिलिंडरची मशिन्स रूढ झाली त्यांत हा सिलिंडर, म्हणजे शॉट स्लीव्ह, बऱ्याचदा अर्धाच भरलेला असतो. उरलेल्या अर्ध्यात काय? पुन्हा हवाच!

अडकलेल्या हवेमुळे होतं काय? कास्टिंगची वरची कातडी छान घट्ट असते, भोकं आत असतात. म्हणजे माल पास. मग मशीनिंगला जातो, टूल ती कातडी कापतं आणि ब्लो होल उघडं पडतं. भट्टी, डाय, कामगार सगळ्याचा खर्च होऊन गेल्यावर रिजेक्शन. ऐन प्रॉडक्शनमध्येच दिसणारा बग म्हणा ना :-)

पण खरा तोटा यापेक्षा मोठा होता. अ‍ॅल्युमिनिअमला पूर्ण ताकद आणायची तर सुमारे 500 अंश सेल्सिअसला हीट ट्रीटमेंट द्यावी लागते. त्या तापमानाला धातू मऊ होतो, आतली दाबलेली हवा फुगते आणि पृष्ठभागावर पुरळासारखे फोड येतात. वेल्डिंगचीही तीच रड. त्यामुळे कव्हर, हाउसिंग, कार्ब्युरेटर खुशाल डाय कास्टिंगने करा, पण ज्या भागावर अपघातात माणसाचा जीव अवलंबून आहे तिथे नको, असा अलिखित नियम कित्येक दशकं होता.

गंमत म्हणजे धातू आत नेमका वाहतो कसा यावरच 1930च्या दशकात दोन तट होते. फ्रॉमरचं म्हणणं, गेटमधून निघालेली धार सरळ समोरच्या भिंतीवर आपटते आणि डाय तिथून मागे भरत येते. ब्रांटचं म्हणणं, धातू गेटपासून पुढे भरत जातो. हा वाद निव्वळ पुस्तकी नव्हता. हवा बाहेर जायची फट कुठे ठेवायची हे त्याच्यावर ठरतं. चुकीच्या ठिकाणी ठेवली तर धातूच आधी येऊन ती बंद करणार आणि हवा आत कोंडणार. प्रत्यक्षात गेट आणि वेगाप्रमाणे दोन्ही प्रकार घडतात.

पहिलं उत्तर होतं, जोर लावा. डाय भरल्यावर शेवटी 400 ते 1000 बार दाब द्यायचा. याचा एक खरा उपयोग आहे. अ‍ॅल्युमिनिअम गोठताना सुमारे 6 टक्के आकसतं आणि त्याने वेड्यावाकड्या कडांची वेगळीच भोकं पडतात. दाबाने तिथे जादा धातू पोचतो. हवेची भोकं मात्र गोल, गुळगुळीत असतात, आणि दाबाने ती नुसती बारीक होतात. हवा जात नाही, लपते.

जनरल मोटर्सने या दिशेने अ‍ॅक्युरॅड नावाची पद्धत काढली. गेट जाड ठेवायचं, धातू सावकाश भरायचा आणि मुख्य प्लंजरच्या आतला दुसरा छोटा प्लंजर शेवटी दाब देतो. 1971 मॉडेलच्या शेव्हरोले व्हेगाचा ब्लॉक असा ओतला होता, 17 टक्के सिलिकॉनचं अ‍ॅल्युमिनिअम आणि आत लोखंडी लायनर नाहीत. ते इंजिन पुढे ओव्हरहीटिंग आणि ऑइल खाण्यासाठी बदनाम झालं, आणि कास्टिंगमधली ही कल्पना त्या बदनामीत झाकली गेली असं मला वाटतं.

माझं सगळ्यात आवडतं उत्तर 1960च्या दशकात अमेरिकेत निघालं. हवा काढू नका, बदला! शॉटच्या आधी डायमध्ये शुद्ध ऑक्सिजन सोडायचा. फवाऱ्यासारखं येणारं अ‍ॅल्युमिनिअम त्याच्याशी संयोग पावतं आणि वायूचा घन ऑक्साइड होतो. साधा हिशोब करा. एक लिटर ऑक्सिजन म्हणजे साधारण 1.4 ग्रॅम. त्यापासून जेमतेम 3 ग्रॅम ऑक्साइड बनतं, आकारमान एक घन सेंटिमीटरहूनही कमी. लिटरभर वायू चिमूटभर पावडर होऊन धातूत विखुरतो. मानलं पाहिजे! पण प्रत्येक शॉटला ऑक्सिजन भरायचा म्हणजे वेळ जातो आणि डाय स्प्रेचा ओलावा अजिबात चालत नाही, त्यामुळे ही पद्धत सगळीकडे पसरली नाही.

तिसरं उत्तर फुकटचं, आणि म्हणूनच बहुधा सगळ्यात उशिरा नीट समजलं. स्लीव्हमध्ये प्लंजर पुढे सरकतो तेव्हा धातूची लाट उठते. वेग जास्त झाला तर लाट किनाऱ्यावर फुटते तशी कोसळते आणि हवा पोटात घेते. फार कमी झाला तर लाट पुढे पळते, टोकावर आपटून परत येते आणि मध्ये हवा कोंडते. या दोन्हींच्या मधला एक वेग असतो, ज्यात लाट छताला टेकते आणि हवेला पुढे हाकलत नेते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला गार्बरने याचं गणित मांडलं. प्लंजरचा व्यास आणि स्लीव्ह किती भरली आहे यावर तो वेग ठरतो. वर्षानुवर्षं ऑपरेटर जे हाताच्या अंदाजाने करत होता ते असं कागदावर आलं.

उरलेली हवा पंपाने खेचायची कल्पना जुनीच होती. अडचण व्हॉल्व्हची. तो शेवटच्या क्षणापर्यंत उघडा हवा, पण धातू आत शिरायच्या आधी बंदही व्हायला हवा, आणि हातात असतात काही मिलिसेकंद. एक उपाय व्हॉल्व्हच नको म्हणतो. कपडे धुवायच्या पाटीसारखी नागमोडी थंड फट ठेवायची, हवा निघून जाते, धातू मध्येच गोठतो. 1994 ची ऑडी ए8 आली तेव्हा तिच्या अ‍ॅल्युमिनिअम सांगाड्याचे सांधे व्हॅक्यूम डाय कास्टिंगचे होते. हीट ट्रीटमेंट दिलेले, वेल्ड करता येणारे आणि धडकेचा भार पेलणारे. तो अलिखित नियम तिथे मोडला.

2020 पासून टेस्ला सुमारे 6000 टनी इद्रा मशीनवर मॉडेल वायचा मागचा सांगाडा ओततेय. तिथे हीट ट्रीटमेंटची गरजच नसलेला मिश्रधातू वापरतात, कारण एवढा मोठा भाग तापवला की वाकतो.

आणि साधी कव्हरं? ती अजूनही हवेच्या दाबाखाली पाण्याच्या टाकीत बुडवून बघतात. बुडबुडे आले की निर्वात टाकीत भोकांमध्ये रेझिन शोषून घ्यायला लावायचं, ते गरम पाण्यात पक्कं करायचं आणि पुन्हा टाकीत बुडवून बघायचं.