पळसदेव : जलाशयात बुडालेले व पुन्हा दिसणारे गाव

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील, भीमा नदीच्या उजव्या काठचे एक प्राचीन गाव व शिवक्षेत्र. सध्याचे पळसदेव हे पुणे–सोलापूर महामार्गालगत, भिगवण व इंदापूर यांच्या दरम्यान वसलेले आहे. नदीकाठचे मूळ गाव उजनी धरणाच्या जलाशयाखाली गेले असून, त्यातील पळसनाथाचे जुने देवालय तीव्र उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडते. धरणामुळे लुप्त झालेल्या आणि अवर्षणामुळे पुन्हा दृष्टीस येणाऱ्या भीमाकाठच्या वास्तूंमध्ये या देवालयाचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे.

या स्थळाचे प्राचीनत्व शिलालेखावरून सिद्ध होते. येथील शके १०७९ (इ. स. ११५७) च्या लेखाची गणना प्राचीन मराठी कोरीव लेखांत केली जाते. पळसनाथाच्या देवालयाचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. या पद्धतीत शिखरावर लहान शिखरांच्या प्रतिकृती उभ्या-आडव्या ओळींत एकावर एक रचलेल्या असतात व त्या वर निमुळत्या होत जातात. देवालयाचा खालचा भाग दगडी असून शिखर विटा व चुना यांचे आहे. परिसरात वीरगळ व सतीशिळा आढळतात. गावाच्या रक्षणार्थ किंवा लढाईत पडलेल्या वीरांची व त्यांच्यामागे सती गेलेल्या स्त्रियांची ही स्मारके होत. त्यांवर बहुधा नावे कोरलेली नसतात. ती कोणाची, हे केवळ गावाच्या स्मरणात राहते. गाव हलले, की त्या स्मरणाचा आधारच तुटतो.

भीमेवरील उजनी धरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात आहे. त्याचे काम १९६६ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयास यशवंतराव चव्हाण यांच्या नावावरून ‘यशवंतसागर’ असे म्हणतात. त्याचे पाणी सोलापूर जिल्ह्यातील माढा व करमाळा, पुणे जिल्ह्यातील इंदापूर व दौंड आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांत पसरले. नदीकाठची काळी जमीन, मळे, विहिरी, घरे व देवळे पाण्याखाली गेली. पळसदेवच्या ग्रामस्थांनी उंचावर नवे गाव वसवले आणि पळसनाथाची तेथील नव्या देवळात प्रतिष्ठापना केली. जुने देवालय मात्र होते तेथेच राहिले.

या स्थित्यंतरातून लोहमार्गही सुटला नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पुण्याहून डिकसळपर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये सुरू केला व पुढे तो भीमा ओलांडून सोलापूरकडे नेला. जलाशयामुळे हा मार्ग बदलावा लागला. डिकसळजवळचा जुना रेल्वेपूल त्यानंतर इंदापूर व करमाळा या तालुक्यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या वाहतुकीसाठी वापरात आला.

देवालय पुन्हा दिसण्याचे कारण धरणाच्या रचनेत आहे. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी असून (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) त्यापैकी सुमारे ६३·६ टीएमसी मृतसाठा, तर ५३·६ टीएमसी उपयुक्त साठा धरला जातो. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी उपयुक्त पातळीच्या खालचे आहे. उपयुक्त साठा संपल्यावरही पिण्यासाठी व अन्य निकडीच्या गरजांसाठी मृतसाठ्यातून पाणी घ्यावे लागते. अशा वेळी साठा ‘उणे’ टक्क्यांत सांगण्याची प्रथा पडली आहे. पाणी उतरू लागले, की प्रथम शिखराचा वरचा भाग दिसतो. ते फार खाली गेले, तरच गाळाने वेढलेले संपूर्ण देवालय उघडे पडते. २०२४ च्या मे महिन्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला, तेव्हा हे दृश्य पाहण्यास दूरदूरहून लोक आले. ज्यांच्या दृष्टीने हे देवालय म्हणजे मूळ गावाची खूण आहे, अशा वृद्धांना त्या जागी पाय ठेवता येतो तो दुष्काळातच.

पुरातत्त्वीय दृष्टीने हे पुनर्दर्शन निर्धोक नाही. सतत पाण्याखाली असलेल्या वास्तूपेक्षा वारंवार भिजणारी व वाळणारी वास्तू लवकर झिजते. विटांच्या रंध्रांत शिरलेले पाणी उन्हाळ्यात बाहेर पडते, चुन्याचे सांधे सैल होतात आणि पातळी बदलताना लाटांचा मारा भिंतीवर बसतो. दगडी भाग यात टिकून राहतो. शिखराला हानी अधिक पोहोचते.

जलाशयाने दिलेले लाभ मोठे आहेत. सोलापूर शहराला पिण्याचे पाणी मिळाले, ऊसशेती वाढली, मत्स्यव्यवसाय उभा राहिला आणि भिगवणच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी येऊ लागले. परंतु पूर्वी उन्हाळ्यात उतारावरून ओलांडता येणारी नदी विस्तीर्ण झाली आणि समोरासमोरची, सोयरिकीने बांधलेली गावे एकमेकांना दुरावली. रस्त्याने मोठा वळसा पडत असल्याने नावेचा प्रवास नित्याचा झाला. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला आला. लहान मुलांसह सहा जणांना प्राण गमवावे लागले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला दुसऱ्या दिवशी ती नाव सुमारे ३५ फूट खोल पाण्यात तळाशी आढळली. जलाशयाची पातळी नीचांकाजवळ असतानाही तेथे एवढे पाणी होते. याच भागात शिरसोडी व कुगाव यांदरम्यान पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे.

पळसदेवचे देवालय उघडे पडणे आणि नाव बुडणे, या घटना एकाच महिन्यात एकाच जलाशयात घडल्या. जमीन व घर यांचे मोल ठरवून मोबदला देता येतो; नदीचा उतार, पलीकडच्या गावाचे सान्निध्य आणि वीरगळांमागची नावे यांचे मोल कोणत्याही निवाड्यात धरले जात नाही. उजनीच्या इतिहासाची ही बाजू पाणी ओसरल्यावर तेवढी नजरेस येते आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा झाकली जाते.