भारताचा सर्वश्रेष्ठ पुरुष टेनिसपटू : एक वाद

भारताचा आजवरचा सर्वश्रेष्ठ पुरुष टेनिसपटू कोण, हा भारतीय क्रीडाविश्वात अनेक दशके चालू असलेला वाद. दावेदार मुख्यतः तीन : रामनाथन कृष्णन (जन्म ११ एप्रिल १९३७), विजय अमृतराज (जन्म १४ डिसेंबर १९५३) आणि लिएंडर पेस (जन्म १७ जून १९७३). एकेरीच्या चर्चेत रमेश कृष्णन यांचे नाव निघते, दुहेरीच्या चर्चेत महेश भूपती आणि रोहन बोपण्णा यांची. गावसकर मोठा की तेंडुलकर, असा वाद रंगतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या हाती निदान कसोटीतल्या धावा तरी असतात. टेनिसमध्ये तेवढीही सोय नाही. रामनाथन कृष्णन हौशी खेळाडूंच्या काळात एकेरी खेळले, अमृतराज खुल्या स्पर्धांच्या पहिल्या पिढीत खेळले, आणि पेस यांची बहुतेक विजेतेपदे दुहेरीतली आहेत.

जागतिक पातळीवरचा वादही याच ठिकाणी अडतो. नोव्हाक जोकोविच (२४), राफाएल नदाल (२२) आणि रॉजर फेडरर (२०) यांची एकेरीतली ग्रँड स्लॅम विजेतेपदे मोजून निकाल देता येतो, असे सुरुवातीला वाटते. मग कोणीतरी रॉड लेव्हर यांचे नाव काढतो. एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम लेव्हर यांनी दोनदा केला, १९६२ मध्ये आणि १९६९ मध्ये. मधली पाच वर्षे ते व्यावसायिक खेळाडू होते, म्हणून त्यांना या स्पर्धांची दारे बंद होती. त्या पाच वर्षांचा हिशेब कोणत्याही तक्त्यात मावत नाही. १९६८ मध्ये स्पर्धा सर्वांसाठी खुल्या झाल्या. त्याआधीचे आकडे आणि नंतरचे आकडे एका ओळीत मांडणे हे या वादातले सर्वांत सर्रास होणारे गैरगणित आहे, आणि भारतात त्याचा फटका सर्वाधिक बसतो तो रामनाथन कृष्णन यांना.

कृष्णन यांना वडील टी. के. रामनाथन यांनीच घडवले. १९५४ मध्ये त्यांनी विम्बल्डनची कुमार एकेरी जिंकली. १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत उपांत्य फेरीत पोहोचले. पहिल्या वर्षी नील फ्रेझर यांनी आणि दुसऱ्या वर्षी लेव्हर यांनी त्यांना हरवले, आणि दोघांनीही त्या त्या वर्षीचे विजेतेपद मिळवले. १९६१ च्या उपांत्यपूर्व सामन्यात कृष्णन यांनी रॉय इमर्सन यांना सरळ सेटमध्ये नमवले होते. १९६२ मध्ये त्यांना चौथे मानांकन मिळाले, पण घोट्याच्या दुखापतीने स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली. एकेरीत ग्रँड स्लॅमची उपांत्य फेरी गाठणारा दुसरा भारतीय पुरुष अजून झालेला नाही.

विरुद्ध बाजूचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येत नाही. त्या काळी पँचो गोन्झालेस, केन रोझवॉल, ल्यू होड हे व्यावसायिक झालेले खेळाडू विम्बल्डनला नव्हते. म्हणजे कृष्णन यांची उपांत्य फेरी अर्धवट मैदानातली, असे हा पक्ष म्हणतो. त्यावर उत्तर आहे. इमर्सन आणि लेव्हर हे टेनिसच्या कोणत्याही काळातले थोर खेळाडू, आणि कृष्णन यांनी दोघांनाही हरवले आहे. लेव्हर यांच्यावरचा विजय १९५९ च्या डेव्हिस करंडकातला. लेव्हर त्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत खेळले होते. व्यावसायिक दौऱ्याचे संयोजक जॅक क्रेमर यांनी कृष्णन यांच्यापुढे मोठ्या रकमेचा करार ठेवला होता आणि कृष्णन यांनी तो नाकारला, हेही नोंदवायला हवे. करार स्वीकारला असता तर विम्बल्डन आणि डेव्हिस करंडक दोन्ही सुटले असते.

कृष्णन यांचा खेळ ताकदीचा नव्हता. सर्व्हिस संथ, इतकी की नवख्या प्रतिस्पर्ध्याला ती सोपी वाटावी. त्यांची सगळी कमाई पुढच्या फटक्याची होती: चेंडू कुठे येणार हे आधी ओळखणे, समोरच्याचाच वेग वापरून चेंडू कोपऱ्यात ठेवणे, जाळ्याजवळ हलक्या हाताने अर्ध्या उसळीवर उचलणे. या खेळाचा सर्वोत्तम दाखला १९६६ साली कोलकात्याच्या हिरवळीवर मिळाला. डेव्हिस करंडकाच्या आंतरविभागीय अंतिम लढतीत भारत आणि ब्राझील २-२ असे बरोबरीत होते. निर्णायक सामन्यात डावखुरे टॉमाझ कोख दोन सेट विरुद्ध एक असे आघाडीवर, आणि चौथ्या सेटमध्ये ५-२. एक गेम गेला असता तर भारताचा प्रवास तिथेच संपत होता. कृष्णन यांनी तिथून सलग पाच गेम घेतले, सेट ७-५ असा जिंकला आणि पाचवा ६-२. भारत प्रथमच डेव्हिस करंडकाच्या अंतिम लढतीत गेला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने ती ४-१ अशी जिंकली. भारताचा एकमेव विजय दुहेरीतला : कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी जॉन न्यूकम आणि टोनी रोश यांना हरवले. दुहेरीच्या मापाने मोजणाऱ्यांनी हा सामना विसरू नये.

मराठी वाचकाला या वादाशी जोडणारा धागा नाटेकर घराण्याचा आहे. सांगलीचे नंदू नाटेकर (१९३३–२०२१) तरुणपणी टेनिस खेळत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम फेरीत ते वयाने लहान असलेल्या रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि पुढे बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा टेनिससाठी कृष्णन आणि बॅडमिंटनसाठी नाटेकर अशी दोन्ही नावे एकाच पहिल्या यादीत होती. नंदू नाटेकर यांचे चिरंजीव गौरव टेनिसमध्येच राहिले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत लिएंडर पेस यांच्या साथीने त्यांनी पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. वडील एका दावेदाराशी अंतिम फेरीत खेळले, मुलगा दुसऱ्या दावेदाराचा जोडीदार झाला.

विजय अमृतराज यांची बाजू मांडणारे म्हणतात की जगातले सगळे खेळाडू एका मैदानात उतरले, तेव्हा त्यांच्यात टिकलेला पहिला भारतीय हाच. यात तथ्य आहे. १९७३ आणि १९८१ मध्ये ते विम्बल्डनच्या, तर १९७३ आणि १९७४ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. १९७३ च्या विम्बल्डनवर बहुतेक आघाडीच्या खेळाडूंनी बहिष्कार टाकला होता, हे खरे. त्याच वर्षी अमेरिकेत मात्र सगळे हजर होते, आणि तिथे अमृतराज यांनी लेव्हर यांना हरवले. पुढच्या वर्षी ब्यॉन बोर्ग यांना. १९८० मध्ये ते जागतिक क्रमवारीत अठराव्या स्थानी होते. त्यांच्या कारकिर्दीत हुरहूर लावणारे सामने मात्र फार आहेत. १९७९ च्या विम्बल्डनमध्ये लागोपाठ तीनदा विजेता ठरलेल्या बोर्ग यांच्याविरुद्ध ते दोन सेट विरुद्ध एक आणि चौथ्यात ४-१ असे पुढे होते. सामना बोर्ग यांनी काढला. १९८१ मध्ये जिमी कॉनर्स यांच्याविरुद्ध पहिले दोन सेट जिंकूनही हार पत्करावी लागली.

१९७४ चा डेव्हिस करंडक तर खेळाबाहेरच्या कारणाने हातचा गेला. त्या वर्षी भारताने उपांत्य लढतीत सोव्हिएत संघाला ३-१ असे नमवले, आणि ही लढत पुण्यात झाली. अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशी होती. तिथल्या वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ भारताने खेळण्यास नकार दिला आणि करंडक न खेळता दक्षिण आफ्रिकेला मिळाला. वीस वर्षांचे विजय अमृतराज ऐन भरात होते. निर्णय योग्यच होता, आणि त्याची किंमत या संघाने मोजली. १९८७ मध्ये भारत तिसऱ्यांदा अंतिम लढतीत गेला, तेव्हा अमृतराज तेहतीस-चौतिशीत होते. गोथेनबर्गला स्वीडनने ५-० असा विजय मिळवला.

रमेश कृष्णन (जन्म १९६१) हे रामनाथन यांचे चिरंजीव. ग्रँड स्लॅमच्या तीन उपांत्यपूर्व फेऱ्या, १९८९ च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत अव्वल क्रमांकाच्या मॅट्स विलँडर यांच्यावर सरळ सेटमध्ये विजय, क्रमवारीत सर्वोच्च स्थान २३. वडिलांचाच हळुवार हात त्यांच्याकडे होता, पण काळ जोरकस रॅकेटांचा आला होता.

लिएंडर पेस कोलकात्यात जन्मले. वडील वेस पेस मूळ गोव्याचे, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमधल्या कांस्यपदक विजेत्या हॉकी संघाचे खेळाडू. पेस यांच्या बाजूचा पहिला पुरावा अटलांटा, १९९६. विशेष प्रवेशावर खेळणारे आणि क्रमवारीत शंभराच्या बाहेर असलेले पेस उपांत्य फेरीत आंद्रे अगासी यांच्याकडून हरले, मग मनगट दुखावलेले असताना पहिला सेट गमावून फर्नांडो मेलिजेनी यांना हरवले आणि कांस्यपदक घेतले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले होते. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी भारताला ४४ वर्षे थांबावे लागले होते.

दुसरा पुरावा ग्रँड स्लॅमचा. पुरुष दुहेरीत ८ आणि मिश्र दुहेरीत १०, अशी १८ विजेतेपदे. १९९९ मध्ये पेस आणि भूपती चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेरीत खेळले. पॅरिस आणि विम्बल्डन त्यांनी जिंकले. तिसरा पुरावा डेव्हिस करंडक. १९९५ मध्ये दिल्लीच्या हिरवळीवर गोरान इव्हानिसेविच यांच्याविरुद्ध दोन सेट मागे पडून पेस जिंकले. पुढे दुहेरीतल्या ४२ विजयांच्या निकोला पिएत्रांगेली यांच्या विक्रमाशी त्यांनी बरोबरी केली. तो मोडण्याची एक संधी फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्यातल्या बालेवाडीत, न्यूझीलंडविरुद्ध आली. पेस आणि विष्णू वर्धन तो सामना चार सेटमध्ये हरले. त्रेचाळिसावा विजय एप्रिल २०१८ मध्ये चीनमधल्या तिआनजिन इथे बोपण्णा यांच्या साथीने मिळाला. एकेरीत मात्र पेस यांचे सर्वोच्च स्थान ७३ आणि मुख्य दौऱ्यावरचे विजेतेपद एकच, १९९८ चे न्यूपोर्ट.

कोणाची बाजू घ्यायची हे पुष्कळदा वयावर ठरते. कृष्णन यांचे विम्बल्डन भारतीयांना वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून कळले. टेनिस घरोघरी पोहोचले ते दूरचित्रवाणीमुळे, आणि पडद्यावर तिरंग्यासाठी धावणारा जो टेनिसपटू दिसला तो पेस. डोळ्यांनी पाहिलेल्याचे वजन जास्त वाटणारच. तरीही एकच नाव घ्यायचे झाल्यास प्रस्तुत नोंदीचा कौल रामनाथन कृष्णन यांना आहे. टेनिसची सर्वांत कठीण परीक्षा एकेरीची, त्यातही विम्बल्डनची. तिच्यात शेवटच्या चौघांत दोनदा बसणे, वाटेत इमर्सनसारख्याला सरळ सेटमध्ये घालवणे आणि वर डेव्हिस करंडकाच्या एकेरीत ५० सामने जिंकणे, याला दुहेरीतली अठरा विजेतेपदे पर्याय ठरत नाहीत. सर्वांत दीर्घ आणि सर्वांत जिगरबाज कारकीर्द पेस यांची, यात शंका नाही. ते सलग सात ऑलिम्पिक खेळले. जोडीदार बदलत राहिले, पेस जाळ्याजवळ उभे राहिले ते तीन दशके.

जुलै २०२४ मध्ये विजय अमृतराज आणि लिएंडर पेस यांचा न्यूपोर्टच्या आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. हा मान मिळालेले ते पहिले आशियाई पुरुष. एकेरीत ग्रँड स्लॅमची उपांत्यपूर्व फेरी गाठणारा शेवटचा भारतीय पुरुष आजही रमेश कृष्णन, १९८७ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेतला. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नला सुमित नागल यांनी अलेक्झांडर बुबलिक यांना पहिल्या फेरीत हरवले, तेव्हा मानांकित खेळाडूवर ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीय पुरुषाने विजय मिळवण्याची ती १९८९ नंतरची पहिलीच वेळ होती.