आर्द्रतेचं माप आणि विजेचं माप

निजामाच्या राजवटीत नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. नांदेड-परभणीचा गावरानी कापूस दारातच होता. हवा मात्र सुताला साथ देणारी नव्हती. मुंबईच्या गिरण्यांना समुद्र फुकटात ओलावा देई. इकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि हवा कोरडीठक्क पडते. कोरडे तंतू यंत्रावर घासले की त्यांच्यावर विद्युतभार साठतो. ते एकमेकांना दूर लोटतात, पेळू फिसकारतो, कार्डिंगमधला तलम पापुद्रा रुळाला चिकटून गुंडाळला जातो. यावर कापूस गिरण्यांचा जुना उपाय म्हणजे हवेत पाणी फवारणं. ओलसर तंतूवरून भार वाहून जातो, म्हणून सूतखात्यात आर्द्रता साधारण ५५ ते ६५ टक्के राखायची. मोजायला भिंतीवर दोन थर्मामीटर, एकाच्या फुग्याला ओलं मलमल. दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून आर्द्रता काढायची. माझं म्हणणं असं, की या पद्धतीत माप उपायाचं होत होतं, दुखण्याचं नाही.

ओलावा सुताच्या मजबुतीसाठी होता, विजेसाठी नव्हे, असा आक्षेप येईल. तो अर्धा खरा आहे. दमट हवेत कापसाचं सूत कमी तुटतं आणि एकाच पाण्याने दोन्ही कामं साधत, म्हणूनच वीज वेगळी मोजायची गरज भासली नाही. पॉलिस्टर आलं आणि ही जोडी फुटली. प्रमाणित हवेत कापूस सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४. थर्मामीटर सगळं ठीक सांगत असताना धागा भारलेला राहू शकतो. अशा वेळी आयनायझर हे यंत्र हवेतच धन-ऋण आयन सोडून तो भार मारतं, आणि त्याची परीक्षा थेट परिणामावर होते. १५ सेंटिमीटर चौरस, २० पिकोफॅरडची धातूची पट्टी १००० व्होल्टपर्यंत भारून त्याच्या झोतात ठेवायची. १०० व्होल्टवर यायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. शेवटी पट्टीवर किती व्होल्ट उरतात तेही नोंदायचं, कारण आयनांचा तोल बिघडला तर यंत्र स्वतःच भार चढवतं.

गिरणीत आयनायझरच्या सुयांवर तूस बसून आयन घटतात, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. पण त्यातून चाचणी ठरावीक काळाने त्याच जागी पुन्हा घ्यावी, एवढंच निघतं. फवाऱ्यालाही अट होतीच: १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम १५ त्यासाठी सार्वजनिक पुरवठ्याचं, पिण्याजोगं किंवा शुद्ध केलेलं पाणी मागत असे. पण इकडे पाणीच दुर्मीळ: २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात कोणत्या खात्याला खरोखर किती ओलावा लागतो, हे भार मोजूनच ठरवायला हवं.