दिवस कोणी मोजायचे? जामखेड ते बेळगाव : अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा इतिहास

१/
मराठीत गरोदरपणाची भाषा दिवसांची आहे. बाईला 'दिवस जातात', पुढे 'दिवस भरतात', आणि त्याआधीच मूल जन्मले तर ते 'अपुऱ्या दिवसांचे' ठरते. हे दिवस नेमके कोणी मोजायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात गेल्या पन्नास वर्षांत प्रसूतीविषयीच्या मोठ्या संशोधनांचे यशापयश याच प्रश्नावर अडले. त्याचे एक जुने उत्तर अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे सापडते.

२/
वैद्यकशास्त्रानुसार गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म हा अकाली जन्म. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अशी जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती आणि हा आकडा कोणत्याही देशापेक्षा मोठा होता. अशा बाळाची फुप्फुसे अपक्व असतात, अंगात ऊब टिकत नाही आणि जंतुसंसर्ग लवकर होतो.

३/
हे भय प्राचीन आहे. सातव्या महिन्यातील मूल जगते, आठव्यातील जगत नाही, ही समजूत आपल्याकडे आजही ऐकू येते. चरकसंहितेने आठव्या महिन्यात ओज माता व गर्भ यांच्यात अस्थिर असते असे मानले आणि त्या महिन्यातील प्रसूती धोक्याची ठरवली. ग्रीक परंपरेतही हिप्पोक्रेटिसच्या नावे आठव्या महिन्याच्या बालकावर ग्रंथ आहे. आधुनिक नोंदी मात्र उलट सांगतात : पोटात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्यागणिक बाळ जगण्याची शक्यता वाढते.

४/
१९७२ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील ग्रॅहम लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात आणि श्वासाच्या त्रासाने होणारे मृत्यू घटतात, हे त्यातून दिसले. औषध स्वस्त होते. अट एकच होती : बाळ खरोखर किती आठवड्यांचे आहे, हे ठाऊक हवे.

५/
त्याच १९७२ मध्ये महाराष्ट्र भीषण दुष्काळ सोसत होता आणि जामखेड हा नेहमीच्याच अवर्षणाचा तालुका. दोन वर्षांपूर्वी, १९७० साली, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. वेल्लोरला शिकलेल्या या दांपत्याने आधी याच जिल्ह्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले होते. रुग्णालयात कितीही रुग्ण बरे केले, तरी त्याच गावांतून तेच आजार पुन्हा येतात, हा त्यांचा अनुभव होता.

६/
प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहायला तयार नसत. राहिल्या तरी गावाचा त्यांच्यावर विश्वास बसत नसे. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असा मार्ग निघाला. निवडलेल्यांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत, गावी परतून शिकवत आणि पुन्हा नव्या शंका घेऊन येत.

७/
गरोदरपणाच्या बाबतीत या ग्रामआरोग्य सेविकेचे मोठे बळ म्हणजे तिचे गावातच असणे. कोणाची पाळी चुकली, हे डॉक्टरला कळण्याआधी पाणवठ्यावर कळते. सेविका ते लक्षात ठेवी आणि घरी जाऊन विचारपूस करी. कमी खाल्ले की बाळ लहान राहील व बाळंतपण सोपे जाईल, ही समजूत ती सासूशी बोलून दूर करी. पायांवर सूज, अंगावरून रक्त जाणे, झटके ही धोक्याची लक्षणे तिला माहीत असत. नाळ स्वच्छ पात्याने कापणे तिला जमे, आणि अवघड बाळंतपण वेळीच जामखेडला पाठवणेही.

८/
प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली या परिसरात दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. याचे श्रेय केवळ गरोदरपणातील देखरेखीचे नव्हे. पिण्याचे पाणी, आहार आणि लसीकरण यांचाही त्यात वाटा होता. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागाच्या आरोग्यसेवेवर काढलेल्या ग्रंथात जामखेडवर प्रकरण होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

९/
पुढचा टप्पा गडचिरोलीचा. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवले : ऊब, स्तनपान, श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे. १९९९ साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांपेक्षा येथे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीविनाही वाचू शकते, हे त्यातून दिसले.

१०/
मग प्रश्न उभा राहिला : ऑकलंडचे इंजेक्शनही असेच खेड्यापर्यंत का नेऊ नये? भारतासह सहा देशांत सुमारे १ लाख जन्मांवर ही मोठी चाचणी झाली. भारतातील तिची केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. निष्कर्ष २०१५ साली आले आणि ते धक्कादायक होते. जेथे औषधाचा प्रसार केला, तेथे दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू २७.४ होते. जेथे केला नाही, तेथे २३.९. मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला.

११/
उपकारक औषधाने अपाय कसा केला? एक महत्त्वाचा दुवा दिवसांच्या मोजणीत आहे. अनेक स्त्रियांना शेवटच्या पाळीची तारीख सांगता येत नव्हती. अशा वेळी पोटाची उंची मोजपट्टीने मोजून आठवड्यांचा अंदाज बांधला जाई. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे प्रत्यक्षात फार लहान निघालीच नाहीत. ज्यांना गरज नव्हती, त्यांना औषध पोहोचले.

१२/
जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी घेतली. या वेळी ती भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील सुसज्ज रुग्णालयांत झाली आणि गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित केले गेले. २०२० चा निष्कर्ष : स्टेरॉइड मिळालेल्या मातांच्या बाळांत नवजात मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्यांत २३.५ टक्के. औषध तेच होते. बदलले होते ते मोजणीचे साधन आणि भोवतीची सेवा.

१३/
त्याच वर्षी दुसरे संशोधन आले. पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यास अकाली जन्म टळतात का, हे सहा देशांतील सुमारे १२ हजार स्त्रियांवर तपासले गेले. बेळगाव आणि नागपूर येथेही केंद्रे होती. अकाली जन्मांचे प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आले. पण गोळी सहाव्या ते चौदाव्या आठवड्यांदरम्यान सुरू झाली होती. म्हणजे दिवस गेल्याचे तिसरा महिना संपताना तरी कोणाला तरी ठाऊक हवे.

१४/
येथे जामखेड पुन्हा आठवते. पहिलटकरीण बहुधा सासरी नवखी असते. दिवस गेल्याचे ती लगेच उघड बोलत नाही, आणि बाळंतपणासाठी सातव्या महिन्याच्या सुमारास माहेरी जाते. तिची नोंद एका गावी, प्रसूती दुसऱ्या गावी. सोनोग्राफी यंत्र तारीख सांगते, पण त्या यंत्रापर्यंत तिला वेळेत नेण्यासाठी तिच्या उंबऱ्यावर जाणारे विश्वासाचे माणूस लागते.

१५/
आज हे काम २००५ नंतर नेमलेल्या 'आशा' करतात. पहिल्या १२ आठवड्यांत गरोदरपणाची नोंद व्हावी आणि बाळंतपणानंतर नवजात बाळाच्या घरी ठरावीक भेटी व्हाव्यात, अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते. या भेटींच्या पद्धतीवर गडचिरोलीची छाप स्पष्ट दिसते. तरीही सरकारी कागदावर त्या कर्मचारी नाहीत. त्या 'स्वयंसेविका' आहेत आणि त्यांना मिळतो तो पगार नव्हे, मोबदला. दिवस मोजण्याचे मोल संशोधनाने २०२० पर्यंत दोनदा सिद्ध केले. ते मोजणाऱ्या बाईच्या श्रमाचे मोल ठरवणे अजून बाकी आहे.