दप्तर, साक्ष आणि कादंबरी : ऑस्ट्रेलियन गुन्हेकथनाची पूर्वपीठिका

ऑस्ट्रेलियात छापली गेलेली पहिली कादंबरी एका कैद्याने लिहिलेली आहे. बनावट हुंड्यांच्या प्रकरणी झालेली फाशीची शिक्षा रद्द होऊन तेव्हाच्या व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात, काळ्या पाण्यावर पाठविल्या गेलेल्या हेन्री सेव्हरी याची 'क्विंटस सर्व्हिंटन' ही कादंबरी १८३०-३१ मध्ये होबार्ट येथे प्रसिद्ध झाली. वाङ्मयीन गुणवत्तेच्या दृष्टीने ती सामान्यच आहे. परंतु तिचा नायकही बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यातील अपराधी असल्यामुळे कबुलीजबाब कोठे संपतो आणि कल्पित कोठे सुरू होते, हा प्रश्न या वाङ्मयाच्या जन्माबरोबरच उपस्थित झाला, हे महत्त्वाचे.

नव्या ऑस्ट्रेलियन पुस्तकांची शिफारस करताना कादंबऱ्यांची एक आणि 'ट्रू क्राइम'ची दुसरी अशा दोन याद्या करण्याचा प्रघात आहे. विक्रेत्याला तो सोयीचा असला तरी अभ्यासकाला दिशाभूल करणारा आहे. (या प्रकाराला मराठीत 'सत्यकथा' म्हणावे, तर १९८२ मध्ये बंद पडलेले मासिकच आधी डोळ्यांपुढे येते, म्हणून येथे 'गुन्हेवृत्त' हा शब्द योजला आहे.) कादंबरी आणि गुन्हेवृत्त यांचा या देशातील पूर्वज एकच आहे, तो म्हणजे सरकारी दप्तर. १७८८ ते १८६८ या काळात दीड लाखांहून अधिक शिक्षापात्र माणसे ब्रिटिश सत्तेने तेथे नेली. त्यांची नोंद झाली ती अपराधी म्हणून. मार्कस क्लार्क हा १८७० मध्ये 'आर्गस' या वृत्तपत्रातर्फे टास्मानियात गेला. तेथील कैदी-वसाहतींच्या नोंदींतून त्याने वृत्तलेख सिद्ध केले आणि 'हिज नॅचरल लाइफ' ही कादंबरीही उभी केली. एकाच साधनसामग्रीतून दोन्ही प्रकार निपजले. त्याच सुमारास मेरी फॉर्च्यून ही लेखिका टोपणनावाने पोलिसी कथा लिहीत होती. तिची ओळख मात्र तिच्या मृत्यूनंतर दीर्घकाळ अज्ञात राहिली.

दप्तराविरुद्ध अपराध्याने स्वतःची साक्ष उभी केल्याचे ठळक उदाहरण म्हणजे नेड केली. तीन पोलिसांच्या हत्येनंतर, फेब्रुवारी १८७९ मध्ये, जेरिल्डेरी गावावर छापा घालताना त्याने एक दीर्घ पत्र बरोबर आणले होते. जो बर्न या साथीदाराच्या हस्ताक्षरातील ते पत्र त्याला छापून हवे होते. पण मुद्रक आधीच निसटला होता. ११ नोव्हेंबर १८८० रोजी केली फासावर गेला आणि ते पत्र समग्र स्वरूपात वाचकांपर्यंत पोहोचण्यास पुढे अर्धशतक लागले. पीटर कॅरीच्या 'ट्रू हिस्टरी ऑफ द केली गँग' (२०००) या कादंबरीचा स्वर या पत्रातून आलेला आहे : स्वल्पविरामांवाचून धावणारी, व्याकरणाची पर्वा न करणारी, संतापाने आणि विनोदाने भरलेली भाषा. कॅरीने केलीला एक कल्पित मुलगी दिली आणि तिला उद्देशून सारे निवेदन रचले. शीर्षकातील 'सत्य' हा शब्द त्यामुळे उपरोधिक होतो. २००१ चे बुकर पारितोषिक या कादंबरीला मिळाले, ते योग्यच होते. तरीही एक आक्षेप उरतो. निवेदकाच्या वाणीचे सामर्थ्य इतके आहे की मारल्या गेलेल्या तीन पोलिसांची बाजू तिच्यापुढे टिकत नाही. प्रथमपुरुषी निवेदन ही केवळ शैलीची निवड नसते. त्यात निवाडाही अनुस्यूत असतो.

हा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मूलनिवासींच्या संदर्भात अधिक तीव्र होतो. १९०० मधील जिमी गव्हर्नरच्या हत्याकांडावर थॉमस केनेली यांनी १९७२ मध्ये 'द चँट ऑफ जिमी ब्लॅकस्मिथ' लिहिली आणि मूलनिवासी माणसाच्या अंतर्मनातून ती घटना पाहिली. आज लिहिली असती तर आपण त्या दृष्टिकोनातून लिहिली नसती, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले.

क्लोई हूपर यांची पहिली कादंबरी 'अ चाइल्ड्स बुक ऑफ ट्रू क्राइम' (२००२) या नावाची असावी, हा सूचक योगायोग म्हणावा लागेल. कारण त्यांचे महत्त्वाचे पुस्तक 'द टॉल मॅन' (२००८) हे प्रत्यक्ष गुन्हेवृत्त आहे. १९ नोव्हेंबर २००४ रोजी क्वीन्सलँडमधील पाम आयलंड येथे किरकोळ कारणावरून अटक झालेला छत्तीस वर्षांचा एक मूलनिवासी पुरुष तासाभरातच कोठडीत मरण पावला. त्याच्या बरगड्या मोडलेल्या होत्या आणि यकृत जवळजवळ दुभंगले होते. संबंधित पोलीस अधिकाऱ्याला २००७ मध्ये ज्यूरीने निर्दोष ठरविले. कोठडीतील मृत्यूंविषयीच्या राजकीय आयोगाचा अहवाल १९९१ मध्येच येऊन गेला होता, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे हूपर यांच्या संयत गद्याचे वजन कळते. मृताच्या मनात त्या शिरत नाहीत. केनेली जेथे शिरले, तेथे त्या उंबरठ्यावर थांबतात.

हेलन गार्नर यांची वाट निराळी. 'धिस हाउस ऑफ ग्रीफ' (२०१४) मध्ये, २००५ साली मोटारीसह तळ्यात बुडालेल्या तीन मुलग्यांच्या पित्यावरील खटला त्या न्यायालयात बसून पाहतात. त्यांचा 'मी' सर्वज्ञ नाही. पुराव्याला पटणारी बुद्धी आणि पटवून घेण्यास तयार नसलेले मन यांच्यातील ओढाताण हाच ग्रंथाचा खरा विषय होतो. कादंबरीतील अविश्वसनीय निवेदक येथे वास्तवाच्या सेवेला लागला आहे, असे म्हणता येईल. या प्रकाराला गार्नर यांनी दिलेले हे सर्वांत मोठे देणे होय.

नव्या वाचकाने 'द टॉल मॅन'बरोबर ॲलेक्सिस राइट यांची 'कार्पेंटेरिया' (२००६) वाचावी. राइट वान्यी समाजाच्या आहेत आणि त्यांची कादंबरी ज्या आखाती प्रदेशात घडते, त्याच प्रदेशाशी पाम आयलंडवरील मृताच्या कुटुंबाचे नाते होते. पुराकथा, विनोद आणि समुद्र यांनी व्यापलेल्या त्या विशाल कादंबरीतही एक पोलीस कोठडी आहे आणि तिच्यात तीन मूलनिवासी मुलगे मृत्यू पावतात. ही कादंबरी हूपर यांच्या पुस्तकाच्या दोन वर्षे आधीची आहे.