उत्तरदायित्वाची कसोटी

१९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि असंख्य विमाधारकांची बचत शासनाच्या हाती विश्वासाने सोपवली गेली. वर्षभरातच, जून १९५७ मध्ये, आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. गुंतवणूक समितीचा सल्ला मात्र आधी घेतला नाही. डिसेंबरात लोकसभेत याचा जाब विचारला तो फिरोझ गांधी यांनी. ते सत्ताधारी पक्षाचेच सदस्य आणि पंतप्रधान नेहरूंचे जामात होते. पक्षनिष्ठेहून लोकप्रतिनिधीचे कर्तव्य मोठे, हे त्यांच्या कृतीने सिद्ध केले.

चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे आली. त्यांनी ती मुंबईत, लोकांसमक्ष चालवली आणि काही आठवड्यांतच पूर्ण केली. व्यवहार अर्थसचिवांनी केला, आपली त्यास संमती नव्हती, अशी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांची भूमिका होती. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असा निष्कर्ष छागलांनी नोंदवला. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी पायउतार झाले.

१९६२ मध्ये ते मंत्रिमंडळात परतले. तत्कालीन अर्थसचिव एच. एम. पटेल तर १९७७ मध्ये स्वतः अर्थमंत्री झाले. तेव्हा या प्रकरणाचे महत्त्व कोणाला किती शिक्षा झाली यात नाही. व्यक्तिगत अपराध आणि सार्वजनिक उत्तरदायित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला सिद्ध होईपर्यंत दुसरे टाळता येत नाही, हा विवेक त्याने लोकशाहीपुढे ठेवला. ज्यांचा पैसा होता, त्यांना उत्तर मिळाले, आणि तेही उघड्यावर.